उत्तर नेमके कोणी दिले? : मॉक आणि ब्राउझर चाचण्यांचा माग काढताना

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानासाठी आम्ही जे वेब ॲप्लिकेशन बांधले, त्यात गाडीतून उतरलेल्या पोत्यांची आवक नोंदवण्यापासून लॉट लावणे, सौद्यात ठरलेला भाव टिपणे, वजन, हमाली-तोलाईची वजावट आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशेबपट्टी इथपर्यंतचा सगळा व्यवहार येतो. लिहिण्याच्या दृष्टीने त्यात अवघड असे फारसे नव्हते. अवघड होते ते लिहिलेले बरोबर चालते याची खात्री करून घेणे. कारण हे ॲप्लिकेशन ज्यांच्याशी बोलते त्यांपैकी एकही बाजू चाचणीच्या वेळी हाताशी ठेवता येण्यासारखी नव्हती. वजनकाटा दुकानात असतो आणि हंगामात तो सकाळपासून मोकळा नसतो. पट्टी झाली की जाणारा एसएमएस खऱ्या शेतकऱ्याच्या खऱ्या फोनवर जातो आणि प्रत्येक संदेशाचे पैसे पडतात. चाचणीच्या नादात मिरजेच्या किंवा तासगावच्या कुणाला रात्री अकरा वाजता लाखाच्या पट्टीचा संदेश जाणे कुणालाच परवडणारे नव्हते. म्हणून मॉक, म्हणजे खऱ्या सेवेच्या जागी उभा केलेला तोतया, आमच्याकडे पहिल्या दिवसापासूनच होता.

प्रश्न असा उभा राहिला की हळूहळू तोतये एकापेक्षा जास्त झाले आणि त्यांतला कोणता केव्हा बोलतो आहे, हे कुणालाच खात्रीने सांगता येईना.

याला आमच्या कामाची पद्धत कारणीभूत होती. सर्व्हरचे काम पूर्ण होण्याआधी पडदे तयार करायचे होते, म्हणून पडदे करणाऱ्या सहकाऱ्यांनी मॉक सर्व्हिस वर्कर हे साधन बसवले. सर्व्हिस वर्कर म्हणजे ब्राउझरमध्ये पान आणि नेट यांच्या मधे बसणारी छोटी स्क्रिप्ट; तिचा उपयोग करून ते पानातून बाहेर पडणारी प्रत्येक रिक्वेस्ट, म्हणजे माहितीची मागणी, वाटेत अडवते आणि आधी लिहून ठेवलेले उत्तर परत करते. नंतर प्लेराइटवर आधारलेल्या ब्राउझर चाचण्या लिहिल्या गेल्या. प्लेराइट खरा ब्राउझर उघडून बटणे दाबते, मजकूर वाचते, आणि रिक्वेस्ट अडवण्याची त्याची स्वतःची राउट नावाची सोय आहे. चाचण्या लिहिणाऱ्यांनी साहजिकच तीच वापरली. शिवाय यार्डात नेट मधूनच जाते, म्हणून ॲप्लिकेशनला नेटशिवाय चालण्यासाठी स्वतःचा एक सर्व्हिस वर्कर होता, जो जुनी उत्तरे कॅशमध्ये राखून ठेवत असे. आणि या सगळ्यांच्या मागे विकासासाठी, म्हणजे कोड लिहिताना वापरायला, चालू असलेला खरा सर्व्हरही होताच. म्हणजे लॉटची यादी मागितली तर उत्तर देऊ शकणारे चौघे होते.

लक्षणे नेहमीचीच होती. एकच चाचणी एका लॅपटॉपवर हिरवी, म्हणजे पास, आणि दुसऱ्यावर लाल, म्हणजे नापास. कोड ढकलल्यावर क्लाउडमध्ये चालणाऱ्या तपासणीत लाल, आणि तीच पुन्हा चालवली की हिरवी. अशा वेळी हात आपोआप दोन गोष्टींकडे जातात, वेळमर्यादा वाढवणे आणि पुन्हा प्रयत्नांची संख्या वाढवणे, आणि आमच्याकडेही हे दोन्ही झाले होते. मला या दोन्ही उपायांबद्दल आकस नाही; पण कारण ठाऊक नसताना ते केले की लाल रंग जातो आणि बिघाड तसाच राहतो. त्यामुळे मी चाचण्यांचे काम हाती घेतले तेव्हा पहिली विनंती केली ती वाढवलेल्या मर्यादा परत मूळ जागी आणण्याची. प्लेराइटमध्ये पूर्ण चाचणीला ३० सेकंद आणि पडद्यावर अपेक्षित गोष्ट दिसण्याला ५ सेकंद अशी मुळातली मर्यादा असते. तेवढी आमच्या पडद्यांना भरपूर होती.

त्यानंतर जे केले ते अगदी साधे होते, आणि पुढचा सगळा शोध त्यावरच उभा राहिला. चौघांपैकी प्रत्येकाने आपले उत्तर देताना त्यात एक जादा हेडर (उत्तरासोबत जाणारी माहितीची छोटी ओळ) घालायचे, ज्यात स्वतःचे नाव असेल: राउटने दिले तर राउट, मॉक वर्करने दिले तर मॉक, सर्व्हरने दिले तर सर्व्हर. कॅशमधून आलेले उत्तर मुळात सर्व्हरचेच असल्याने त्यावर सर्व्हरचेच नाव असणार. ते ओळखण्यासाठी प्लेराइटच्या रिस्पॉन्सला ‘तू सर्व्हिस वर्करकडून आलास का’ असे विचारता येते. चाचणी चालू असताना आलेले प्रत्येक उत्तर, त्याचा पत्ता, हेडरमधले नाव आणि वर्करकडून आले की नाही, अशी एक ओळ लॉगमध्ये छापली जाऊ लागली. पहिल्याच पूर्ण फेरीत छापली गेलेली यादी वाचताना आम्ही सगळे गप्प झालो होतो. ज्या चाचण्यांच्या डोक्यावर ‘पूर्णपणे मॉकवर चालते’ असे लिहिले होते, त्यांतल्या कितीतरी खऱ्या सर्व्हरशी बोलून हिरव्या होत होत्या.

पहिला गुंता सर्व्हिस वर्करांच्या आपसांतल्या ओढाताणीचा निघाला. ब्राउझरमध्ये एका पत्त्याच्या एका कक्षेसाठी, म्हणजे त्या हद्दीत येणाऱ्या पानांसाठी, सर्व्हिस वर्करची एकच नोंद असू शकते. आमचा नेटशिवाय चालण्यासाठीचा वर्कर आणि मॉकचा वर्कर हे दोन्ही मुळाच्या पत्त्यावर, म्हणजे त्याच कक्षेत, नोंदवले जात होते. जो नंतर नोंदवला जाई तो आधीच्याची जागा घेई. मॉकचा वर्कर बसताक्षणी वाट न पाहता कामाला लागतो आणि उघडी पाने ताब्यात घेतो, आणि आमच्या वर्करलाही तसेच वागायला सांगितलेले होते. त्यामुळे कोण जिंकणार हे त्या क्षणी यंत्र किती वेगवान आहे यावर ठरत होते. वेगवान लॅपटॉपवर मॉक शेवटी पोहोचे आणि चाचणी हिरवी होई. क्लाउडमधल्या हळू यंत्रावर आमचा वर्कर शेवटी पोहोचे आणि मॉकची उत्तरे गायब होत. मर्यादा वाढवून हे कधीच सुटले नसते, कारण इथे उशीर होत नव्हता, माणूसच बदलत होता.

त्यातच दुसरी अडचण मिसळलेली होती. प्लेराइटच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे की सर्व्हिस वर्करने हाताळलेल्या रिक्वेस्ट पानाच्या राउटला दिसत नाहीत, आणि राउट वापरायची असेल तर सर्व्हिस वर्कर बंद ठेवावेत. आमच्याकडे दोन्ही एकत्र नांदत होते. चाचणी लिहिणारा राउटमध्ये ‘भाव अकरा हजार’ असे उत्तर लिहून ठेवी, पण रिक्वेस्ट त्याच्यापर्यंत पोहोचतच नसे. वर्कर आधीच ‘भाव नऊ हजार’ सांगून मोकळा झालेला असे. शेवटी आम्ही चाचण्यांचे दोन गट केले. मुख्य गटात ब्राउझरचे संदर्भ, म्हणजे प्रत्येक चाचणीसाठीची वेगळी, कोरी ब्राउझर-जागा, तयार करतानाच सर्व्हिस वर्कर बंद केले आणि मॉक फक्त राउटने करायचे ठरवले. दुसऱ्या लहान गटात नेट गेल्यावर काय होते एवढेच तपासायचे. तिथे आमचा वर्कर चालू, मॉक एकही नाही, आणि नेट तोडण्यासाठी प्लेराइटची ऑफलाइन करण्याची सोय. मॉक सर्व्हिस वर्कर उरला तो पडदे रचताना हाताने पाहण्यापुरता, आणि त्या वेळी आमचा वर्कर नोंदवलाच जाणार नाही अशी अट घातली.

हाताने पाहण्याच्या कामातही वर्करांनी आम्हाला कमी फिरवले नाही. व्हीट हे साधन विकासाचा सर्व्हर ५१७३ या पोर्टवर उघडते, आणि आमच्या ऑफिसात त्याच पोर्टवर आधी बेदाण्याच्या सौद्यांचे एक जुने काम चालत असे. ब्राउझरच्या लेखी पत्ता एकच असल्याने बेदाण्याच्या कामाचा जुना वर्कर तिथेच नोंदलेला राहिला होता. नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने हळदीचे ॲप्लिकेशन उघडले आणि त्याच्यासमोर बेदाण्याच्या बॉक्सची यादी उभी राहिली. ‘मॅडम, आपल्या हळदीचे मनुके झाले,’ असे तो सांगत आला. प्लेराइट प्रत्येक चाचणीला कोरा संदर्भ देत असल्याने चाचण्यांना या गोष्टीचा त्रास नव्हता, पण माणसांना होता. फोनवर पाहताना उलट अडचण आली. सर्व्हिस वर्कर फक्त सुरक्षित पत्त्यावर, म्हणजे एचटीटीपीएसवर किंवा स्वतःच्या यंत्राच्या लोकलहोस्टवर चालतात. ऑफिसच्या वायफायवरून फोनमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता साध्या एचटीटीपीने उघडला की वर्करची सोयच उपलब्ध नसते, मॉक सुरू होत नाही आणि पान रिकामे राहते.

वर्कर बाजूला झाल्यावरही लॉगमध्ये काही उत्तरे सर्व्हरच्या नावाने येतच राहिली. त्यांचे कारण पत्त्याच्या नमुन्यात होते. राउटला नमुना देताना लॉटच्या यादीचा पत्ता शेवटपर्यंत लिहिला होता, पण ॲप्लिकेशन प्रत्यक्षात त्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि तारीख जोडून विचारत होते. प्लेराइट नमुना पूर्ण पत्त्याशी, म्हणजे प्रश्नचिन्हानंतरच्या भागासकट, ताडून पाहते. त्यामुळे तारीख जोडलेली रिक्वेस्ट नमुन्यात बसत नसे आणि चुपचाप पुढे सर्व्हरकडे जाई. मॉक सर्व्हिस वर्करमध्ये याच्या उलट असते: तिथे पत्ता जुळवताना प्रश्नचिन्हानंतरचा भाग धरलाच जात नाही, तो नमुन्यात लिहिला तर ते साधन उलट सूचना देते. एका साधनाची सवय घेऊन दुसऱ्याकडे गेलेल्या माणसाला हा फरक हमखास फसवतो. क्रमाचेही तसेच आहे. मॉक सर्व्हिस वर्करला दिलेल्या यादीत वरून पहिला जुळणारा उत्तर देतो, तर प्लेराइटमध्ये सर्वांत शेवटी नोंदवलेली राउट आधी विचारली जाते.

विकासाच्या सर्व्हरवर नमुन्यादाखल भरलेली माहिती आणि मॉकमधली माहिती जवळजवळ सारखीच होती, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. सोय म्हणून तीच फाइल दोन्हीकडे वापरली होती. त्यामुळे उत्तर कोणी दिले याने निकालात फरक पडत नसे आणि गफलत लपून राहत असे. आम्ही मॉकमधली शेतकऱ्यांची नावे, भाव आणि पोत्यांची संख्या सर्व्हरवर कधीच नसतील अशी करून टाकली, आणि त्याच दिवशी लाल चाचण्यांची रांग लागली. ती रांग मला आधीच्या हिरव्या रांगेपेक्षा आवडली.

आता तारखेची गोष्ट. ही चाचण्यांनी सांगितली नाही, दुकानातल्या दिवाणजींनी सांगितली. त्यांचा फोन आला, ‘ताई, पहाटे पाचला गाडी उतरवली तर आवक कालच्या तारखेला पडलीया. आणि साडेसातला दुसरी उतरवली ती आजच्याला. ह्याचं काय करायचं?’ मी त्यांना म्हटले, ‘काका, तुम्ही दोन्ही नोंदींचे फोटो तेवढे पाठवा, पुढचे मी बघते.’ फोटोंवरून कारण ओळखणे कठीण नव्हते. आजची तारीख काढताना कोडमध्ये क्षणाचे जे रूप वापरले होते ते नेहमी ग्रीनिच वेळेत असते, आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. म्हणजे पहाटे ५:३० वाजेपर्यंत त्या रूपात अजून कालचाच दिवस असतो. यार्डात गाड्या पहाटे येतात, ऑफिसात माणसे दहाला येतात. साडेपाचच्या आत तो पडदा आमच्यापैकी कुणी उघडून पाहिलेलाच नव्हता.

पण मला छळत होता तो वेगळा प्रश्न: आवक नोंदवण्याच्या पडद्यावर चाचणी होती, मग तिने हे कसे पकडले नाही? लॉग उघडून पाहिल्यावर दोन कारणे दिसली. क्लाउडमधले यंत्र स्वतःच ग्रीनिच वेळेत चालते, त्यामुळे तिथे स्थानिक तारीख आणि ग्रीनिच तारीख यांत कधीही, कोणत्याही तासाला, फरकच नसतो. ती चाचणी तिथे रात्रंदिवस चालवली असती तरी हे सापडले नसते. दुसरे म्हणजे मॉक तारीख पाहतच नव्हता. त्याच्याकडे कुठलीही तारीख आली तरी तो ‘नोंद झाली’ म्हणे. मॉक जेवढे तपासतो तेवढेच चाचणी तपासते, बाकीचे ती गृहीत धरते.

दुरुस्तीच्या आधी बिघाड चाचणीत उभा करायचा असा आमचा नियम आहे. प्लेराइटमध्ये ब्राउझरचा कालविभाग ठरवता येतो, तो ‘आशिया-कोलकाता’ केला. २०२४ मध्ये आलेल्या १.४५ या आवृत्तीपासून त्यात घड्याळही हाती घेता येते; पान उघडण्याआधीच घड्याळ १२ मार्चच्या पहाटे पाचवर थांबवले. राउटला सांगितले की आलेल्या नोंदीत १२ तारीख नसेल तर चूक म्हणून परत पाठव. चाचणी चालवली आणि पडद्यावर लाल पट्टी आली, नोंदीतली तारीख ११ मार्च. तेवढे पाहिल्यावरच कोडला हात लावला. आता कालविभागाची ती ओळ एका चाचणीपुरती न ठेवता सगळ्यांच्या मूळ मांडणीत आहे, त्यामुळे क्लाउडमधले यंत्र कुठल्याही देशात असले तरी आमचा ब्राउझर सांगलीच्या वेळेतच वावरतो.

वजनकाट्याच्या बाबतीत मॉक खोटे बोलत होता, तेही फार बारीक. काट्याशेजारच्या संगणकावर एक लहान सेवा चालते आणि ती प्रत्येक पोत्याचे वजन पाठवते. मॉकमध्ये ते वजन संख्या म्हणून होते, ४८.५. प्रत्यक्षातील सेवा तेच वजन अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून पाठवत होती, ‘४८.५००’. जावास्क्रिप्टमध्ये अधिकचे चिन्ह दोन संख्यांची बेरीज करते, पण त्यांतले एक जरी मजकूर असेल तर दोन्ही एकापुढे एक चिकटवते. बेरीज शून्यापासून सुरू होत होती, म्हणून एका पोत्यानंतर ‘०४८.५००’ असा मजकूर तयार होई, आणि त्याचे पुन्हा संख्येत रूपांतर केल्यावर बरोबर ४८.५ येई. दुसरे पोते काट्यावर चढले की ‘०४८.५००४९.२५०’ असे काहीतरी होई, ज्यात दोन दशांश चिन्हे असल्याने त्याची संख्या होऊच शकत नाही, आणि एकूण वजनाच्या जागी ‘संख्या नाही’ या अर्थाची तीन अक्षरे उमटत. प्रात्यक्षिक दाखवताना एकच पोते ठेवले होते, ते छान चालले होते! टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे माहितीचे प्रकार लिहून ठेवता येणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, त्या उत्तराचा प्रकार ‘संख्या’ असा लिहिलेला होता, पण तो लिहिणाऱ्याचा समज असतो. चालत्या ब्राउझरमध्ये आलेले उत्तर खरोखर तसे आहे का, हे टाइपस्क्रिप्ट पाहत नाही.

यावरचा उपाय करताना आमच्यात बरीच चर्चा झाली. एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की मॉक हाताने लिहायचेच नाहीत, प्लेराइटला खऱ्या सेवेची उत्तरे हार नावाच्या फाइलमध्ये नोंदवून ठेवता येतात, तीच परत वाजवावीत. मला ते अर्धेच पटले. अशा नोंदीत उत्तरांबरोबर सगळेच येते: शेतकऱ्यांचे फोन, बँकेची खाती, लॉगिनचे टोकन. ती फाइल कोडच्या साठ्यात गेली की ती प्रत्येकाच्या लॅपटॉपवर गेली. शेवटी ठरले असे की उत्तराचा साचा एकदाच झॉड या माहितीचा आकार तपासणाऱ्या साधनात लिहायचा. ॲप्लिकेशनने बाहेरून आलेले प्रत्येक उत्तर त्या साच्यातून गाळून घ्यायचे, आणि मॉकमधले प्रत्येक उत्तरही चाचणीच्या सुरुवातीला त्याच साच्यातून जायचे. काट्याची खरी सेवा आठवड्यातून एकदा, दुकान बंद असताना, त्याच साच्याशी ताडून पाहिली जाते. साच्यात वजन आता मजकूर आहे आणि त्याची संख्या करण्याची जागा एकच आहे.

चुकीच्या उत्तरावर पडदा कसा वागतो, ही चाचणी मात्र सगळे ठाकठीक करूनही लालच राहिली. राउट सर्व्हर बिघडल्याचे ५०० हे उत्तर देत होती, लॉगमध्ये ते दिसत होते, तरी ‘यादी मिळाली नाही’ हा संदेश पाच सेकंदांत उमटत नव्हता. लॉग पुन्हा नीट वाचला तेव्हा ती रिक्वेस्ट चारदा गेलेली दिसली. आम्ही माहिती आणण्यासाठी टॅनस्टॅक क्वेरी वापरतो आणि ती अपयश आले की मुळातच आणखी तीनदा प्रयत्न करते. त्यांमधले अंतर आधी १ सेकंद, मग २, मग ४. त्यांची बेरीज ७, आमची मर्यादा ५. चाचणीच्या मांडणीत पुन्हा प्रयत्न बंद करणे सोपे होते आणि तसे केलेही. पण दिवाणजींना नेट नसताना सात सेकंद फिरते चक्र पाहत बसावे लागते, हेही त्यातून पहिल्यांदाच आमच्या ध्यानात आले, आणि मूळ ॲप्लिकेशनमध्ये ‘पुन्हा प्रयत्न चालू आहे’ अशी ओळ घातली.

ब्राउझर न उघडता जेएसडॉम या ब्राउझरच्या नकलेत चालणाऱ्या लहान चाचण्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांतल्या अडचणी जास्त पाठ्यपुस्तकी होत्या. पट्टीचा हिशेब करणारे फंक्शन आणि हमालीचा दर सांगणारे फंक्शन एकाच फाइलमध्ये होते. दराचा मॉक करूनही हिशेब जुन्याच दराने होई, कारण मॉक बाहेरून आयात करणाऱ्यांना दिसतो, त्याच फाइलच्या आत होणारी हाक मूळ फंक्शनलाच जाते. दर वेगळ्या फाइलमध्ये नेल्यावर ते सुटले. एका चाचणीने बदललेला दर पुढच्या चाचणीत झिरपत होता, तो चाचण्यांचा क्रम पिसून चालवल्यावर उघडा पडला. रकमेच्या मांडणीत भाषा न सांगितल्यामुळे एका यंत्रावर लाखाचा स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडे आणि दुसऱ्यावर पाश्चात्त्य पद्धतीने. मराठी भाषा सांगितली तर आकडे थेट देवनागरीत येऊ लागले. दुकानात विचारल्यावर पट्टीवर देवनागरी आणि बँकेच्या यादीत इंग्रजी आकडे हवेत असे समजले, तेव्हा दोन्ही ठिकाणी तसे स्पष्ट लिहिले.

जेएसडॉमची एक मर्यादा मात्र नमूद करण्यासारखी आहे. त्यात पानाची प्रत्यक्ष मांडणी होत नाही, कुठली चौकट कुठे आणि किती मोठी याचा हिशेबच नसतो. ‘पट्टी जतन करा’ हे बटण तिथे नेहमी दाबले जाई. प्लेराइटमध्ये फोनच्या आकाराच्या खिडकीत मात्र ते दाबता येईना, दुसरा घटक मध्ये येऊन स्पर्श अडवतो आहे असा संदेश येई. कुणीतरी त्या ओळीत जबरदस्तीने दाबण्याचा पर्याय घालून चाचणी हिरवी करून ठेवली होती. तो पर्याय काढला आणि चाचणीचा नोंदवलेला माग, म्हणजे पावलापावलाची चित्रांसह नोंद, उघडून त्या क्षणाचे चित्र पाहिले, तर बटणावर खालच्या पट्टीची, एकूण रक्कम दाखवणारी चौकट पसरलेली होती. दुकानातल्या पोराकडे लहान पडद्याचा फोन होता. तो पट्टी जतन करताना फोन आडवा का धरतो, याचा उलगडा तिथे झाला.

सर्वांत शेवटी आम्ही दार लावून घेतले. प्लेराइटमध्ये शेवटची नोंद आधी विचारली जाते, याचा फायदा घेऊन प्रत्येक चाचणीच्या अगदी सुरुवातीला एक सर्वव्यापी राउट नोंदवली: कुठल्याच मॉकने न उचललेली आणि आमच्या पानाच्या फाइलींपैकी नसलेली रिक्वेस्ट आली की ती तोडायची आणि चाचणी तिथेच नापास करायची. फाँट आणि नकाशाच्या चित्रांसारखी अपेक्षित मंडळी त्यात सापडलीच. पण यादीत एक पत्ता एसएमएस सेवेचा होता. संदेश पाठवण्याची रिक्वेस्ट मॉकमध्ये होती. खात्यात किती संदेश शिल्लक आहेत हे विचारणारी रिक्वेस्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती आणि ती प्रत्येक फेरीत, प्रत्येक चाचणीतून, खऱ्या खात्याच्या किल्लीसह बाहेर जात होती. किल्ली बदलून घेतली, शिल्लक विचारणाऱ्या रिक्वेस्टचाही मॉक केला, आणि तो लिहितानाच सहकारी म्हणाली की यात शिल्लक शून्य ठेवून पाहू. पाहिले. पट्टी जतन झाली, ‘संदेश पाठवला’ असे हिरव्या अक्षरांत उमटले, आणि संदेश कुठेच गेला नाही. हळदीच्या पुढच्या हंगामाच्या कामांत ती दुरुस्ती सध्या पहिल्या क्रमांकावर आहे.